जोम-रेचा रांजण

पडदा वर जावा तसं डोंगरावरचं धुकं वर सरकलं आणि परसातला रांजणांचा ओटा उजेडात आला. लहानमोठे काळपट रांजण, मधोमध सगळ्यांत थोरला; त्याच्या पोटावर उलटा चिकटवलेला कागदी मोजा, किड्यांनी वाट चुकावी म्हणून. या वेळी ते चुकले नव्हते. जोम-रे वाकून उभी होती. हातात जेवणाच्या दोन काड्या, काड्यांच्या टोकाला वळवळणारी पांढरी अळी.

अळ्यांची तिला किळस नव्हती. सोयाबीन आंबवून जांग घालायचं, रोजच्या जेवणातलं ते खारट, दाट वाटण; ऊन आलं की झाकण काढायचं, फडकं मात्र घट्ट बांधलेलं ठेवायचं, दव पडायच्या आत पुन्हा झाकायचं. एवढं करूनही एखादी माशी डाव साधते. मग वरचा थर खरवडायचा, जाडं मीठ पसरायचं. खालचं जांग सोन्यासारखं राहतं.

नव्या नवरीपणी तिच्याच हातून फडकं सैल राहिलं, तेव्हा सासूनं भर अंगणात आवाज चढवला होता, "जांग नासवणारी घर नासवते! वेच, एकेक वेच!" तिनं रडत वेचल्या होत्या. पण मरताना त्याच सासूनं थोरल्या जावेला डावलून रांजण तिच्या हवाली केला. सासूच्या सासूपासून तो कधी रिता झाला नव्हता. जुन्यावर नवं पडत गेलं होतं.

आता तो सुनेकडे जायचा होता. जोम-रेचे गुडघे गेले, घर विकलं गेलं. काल रात्री आलेला मुलगा थे-सॉप आज तिला आणि रांजणाला शहरात नेणार होता. सून उन-जू आठवडाभर आधी मदतीला आली होती. रोज मनोभावे झाकण उघडायची. फडक्यानं ऊन अडतं, म्हणून तेही काढून ठेवायची. जोम-रे ओट्यापर्यंत पोचली ती आजच. दोघं उठायच्या आत वेचून संपवायचं, एवढाच तिचा ध्यास होता.

"आई, एवढ्या सकाळी काय शोधताय?" उन-जूनं रांजणात डोकावलं आणि तोंड दाबून मोरीकडे पळाली.

थे-सॉप अनवाणीच धावत आला. "अगं, हे खायला घालत होतीस आम्हाला?"

"ह्याच्यावरच एवढा घोडा झालास."

"मस्करी नको, आई. पोरांच्या पोटात जायचंय हे!"

"वरचं काढलं की झालं. तुझ्या लहानपणी—"

"तेव्हा काही मिळत नव्हतं गं! आता दुकानात डबा मिळतो, स्वच्छ."

उन-जू भिंतीशी येऊन उभी राहिली, पांढरीफटक. दोरीवर ते फडकं वाळत होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग सासूकडे. "आई... ते फडकं..."

भर अंगणातलं ते रडणं जोम-रेला आठवलं. "माझंच बांधायचं राहिलं," ती घाईनं म्हणाली. "म्हातारी झाले."

"बघ!" थे-सॉपला तेवढंच हवं होतं. "तुला झेपत नाही आता. आणि हट्ट कशाला?"

जोम-रेनं सुनेकडे पाहिलं. एक शब्द. आता तरी. उन-जू खाली मान घालून चपलेचा अंगठा बघत राहिली.

थे-सॉपनं रांजण कलंडवला. काळंभोर, दाट जांग ओढ्याकडे निघालं. शेजारच्या कोंबड्या कलकलत अळ्यांवर तुटून पडल्या. शेवटचा थर सुटला तेव्हा जुना, खारट, खोल वास अंगणभर झाला. जोम-रेनं तो छातीत भरून घेतला.

हात धुऊन थे-सॉप आला. आवाज आता मऊ होता. "आई, गाडीत अजून काय ठेवायचंय?"

"मीच उरलेय. मला ठेव."