ऑप्शनला टाकलेलं हृदय

फिजिओथेरपी शिकताना आम्ही हृदय ऑप्शनला टाकलं होतं. आम्हाला गुडघे, कंबर आणि खांदे हवे होते. बारामतीत दवाखाना थाटल्यावर हृदय घेऊन आपल्याकडे कोण येणार, असं वरच्या वर्गातली मुलं सांगायची आणि आम्ही माना डोलवायचो. सरही ते प्रकरण कसंबसं उरकायचे. त्यांचा मला आजही राग येतो, पण त्यानं माझ्या वाट्याचा दोष काही कमी होत नाही.

शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत कोऱ्हाळ्याला गेले. गावात मी केव्हाच डॉक्टर झाले होते. आमच्याकडे पोर नुसती कॉलेजात गेली तरी ओसरीवर पेशंट जमायला लागतात. त्यात एक दिवस माझे चुलते, तात्या, डावा खांदा धरून आले.

“चढावर चाललं की हितं धरतंय बग,” ते म्हणाले. “जरा बसलं की सोडतंय. उसाच्या बांधावर जाऊस्तवर दोनदा बसाया लागतंय.”

हे लक्षण पुस्तकात अगदी असंच दिलेलं होतं, मी न वाचलेल्या पानावर. मी त्यांचा हात वर नेला. तो सरळ कानाला लागला, कुठे अडला नाही. आखडलेला खांदा असा उचलत नाही, एवढं तर मला येत होतं. तरी म्हणाले, “तात्या, खांदा आखडलाय.” ओसरीवर सगळे बघत होते ना! ‘मला कळत नाही, बारामतीला दाखवा’ म्हणणं जिवावर आलं. नाडी बघायचंही सुचलं नाही.

मग व्यायाम दिला. भिंतीकडे तोंड करून बोटांनी भिंत चढायची आणि दर खेपेला कोळशानं एक रेघ मारायची. वर ऐटीत सांगितलं, “चालणं वाढवा. आणि दुखलं तरी बसायचं नाही. बसलात की खांदा आणखी आखडेल.”

मी कॉलेजला परतल्यावर चुलतीचा फोन यायचा. “त्ये आता वाटंत बसत न्हाईत हं. तू सांगितलंस म्हणून चालत्यातच.” मी मैत्रिणींना कौतुकानं सांगायचे.

महिनाही झाला नव्हता. सकाळी तात्या उसाच्या बांधावर निघाले. नेहमी बसायचे त्या बाभळीखाली ते थांबले नाहीत. थोडं पुढे जाऊन कोसळले. बारामतीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आधी काही त्रास होता का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा घरच्यांनी सांगितलं, “छातीचं काय बी न्हवतं. खांदा दुखायचा, त्याचा इलाज चालू व्हता.”

दहाव्याला गेले ती सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. ओसरीच्या भिंतीवर रेघाच रेघा होत्या. चुलतीनं मला जवळ ओढलं आणि बायकांना म्हणाली, “हिचं ऐकलं त्येंनी. एक दिस चुकवला न्हाय.” मी उठून आत चहा ठेवायला गेले. मी भित्री होते, दुसरं काही नाही.

आता मी मुलांना हृदयच शिकवते. हे ऑप्शनला टाकलं तर चालेल का, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं आणि मी त्याच्या अंगावर धावून जाते. मुलं मला खडूस म्हणतात. म्हणेनात का.

गेल्या दिवाळीत चुलती माझ्यासमोर येऊन बसली. “माजा बी खांदा बग की, बाय.”

मी आधी तिचं मनगट हातात घेतलं. विचारलं, “कधी दुखतो? चालताना? बसल्यावर थांबतो का? दम लागतो? घाम येतो?”

ती सगळ्याला न्हाय न्हाय म्हणत गेली. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

“त्येंना असलं काय इचारलं न्हवतंस,” ती म्हणाली.

मी तिचं मनगट धरून ठोके मोजत राहिले.