लाल बिल्ड आणि अक्का

आमच्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसात ‘पुन्हा चालवा’ हे बटण कधीही न दाबणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे अक्का. कोड बदलला की मशीन आपोआप सगळ्या चाचण्या घ्यायचं; जमलं तर हिरवी खूण, नाही तर लाल. आमचं हे बिल्ड भलतंच लहरी होतं. काहीही न बदलता सकाळी लाल, दुपारी हिरवं. लाल दिसलं की आम्ही बटण दाबून चहाला जायचो. अक्का मात्र खुर्ची ओढून बसायच्या आणि मशीनला विचारायच्या, “काय रे, कशाला रुसलास?”

अक्कांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळूरचं. “स्वल्प थांब, तम्मा,” असं त्या धाकट्या भावाला सांगावं तसं कानडी वळणात म्हणाल्या की पुण्याहून नव्याने आलेल्या मला वाटायचं, थोडंच थांबायचंय. अक्कांचं ‘स्वल्प’ जेवणाच्या सुट्टीपलीकडेही सहज जायचं. एकदा त्यांनी सगळ्या टीमला दिवसभर अडकवून ठेवलं, आणि निघालं काय, तर मशीनची डिस्क भरली होती. आम्ही हसलो. “कारण कळलं की नाही?” म्हणत त्या शांतपणे डबा उघडू लागल्या.

आमचं सॉफ्टवेअर रुग्णालयांत नर्सना औषधांच्या वेळा दाखवायचं. त्यातली तारीख-वेळ सांभाळणारी बाहेरून घेतलेली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, जुनी झाली होती. तिचं नवं व्हर्जन बसवायचं काम माझ्याकडे आलं. बदल केला, बिल्ड लाल. पुन्हा चालवलं, हिरवं. मॅनेजर म्हणाले, “झालं, पाठवून दे.”

“आधी लाल का झालं?” मागून अक्कांचा आवाज आला.

“अक्का, ते नेहमीच होतं.”

“ही चाचणी याआधी कधीच नापास झाली नव्हती, तम्मा.”

“ग्राहक थांबलाय,” मॅनेजर वैतागून म्हणाले.

“थांबू दे. नर्स थांबणार नाही. पडद्यावर दिसेल तो डोस ती देईल.”

शोधता शोधता कळलं, की चाचण्या घेणाऱ्या मशीनपैकी काही परदेशी वेळेवर लावलेली होती. जुनी लायब्ररी भारतीय वेळ गृहीत धरायची. नवी मात्र ज्या मशीनवर चालेल त्याची वेळ घ्यायची. त्यामुळे चाचणी त्या मशीनवर गेली की मध्यरात्रीचा डोस आदल्या दिवसात जाऊन बसत होता. कुठली वेळ धरायची ते स्पष्ट न सांगणारा आमचा कोड फार जुना होता. कोणी लिहिला ते अक्कांनीच पाहिलं आणि सगळ्यांना बोलावलं. “चूक सापडली. माझीच आहे,” त्यांनी सांगितलं, ते बारशाचे पेढे वाटावेत अशा चेहऱ्याने.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनी स्वतः त्यांच्या टेबलावर कॉफी आणून ठेवली. एक घोट घेऊन अक्का ‘ठीक आहे’ अशी मान हलवून म्हणाल्या, “सरी. साखर स्वल्प कमी आहे.”

पुढे आईच्या आजारपणामुळे नोकरी सोडून त्या म्हैसूरला गेल्या. काही अडलं की मी अजून फोन करतो. त्या उत्तर कधीच देत नाहीत, नुसतं “मग?” विचारत राहतात. बोलता बोलता मलाच कुठे चुकलं ते सापडतं. पण सापडल्याचं मी लगेच सांगत नाही. सांगितलं की त्या “सरी” म्हणून फोन ठेवतात.