कुकरचा नंबर आणि दारातला माणूस

कुरुंद्यात सोमेश्वरची ओळख सांगायची तर 'तो पुण्याहून परत आलेला' एवढं पुरतं. पुण्याला जाणारे पुष्कळ. परत येणारा एकतर आजारी असतो, नाहीतर तिकडं काही भानगड करून आलेला असतो, अशी गावाची साधी समजूत. सोमेश्वर धडधाकट होता, आणि भानगड करण्याइतकी सवड त्याला तिकडच्या कंपनीनं कधी दिलीच नव्हती. त्याला गावात राहायचं होतं, म्हणून तो आला. हे कारण कुणाला पटण्यासारखं नव्हतं, त्याच्या बायकोलाही नाही.

पुनमनं मुदत घालून दिली होती. "या हंगामात तुमचं ॲप चाललं तर राहू. न्हाई चाललं तर आपल्या आरोहीची शाळा पुण्यात." आणि पुण्यातली खोली तिनं अजून सोडली नव्हती.

ॲप होतं शेतकरी गटाच्या कुकरचं. काढलेली ओली हळद फार दिवस ठेवता येत नाही, शिजवावी लागते. गटाकडं शिजवायचा कुकर एकच, आणि हळद मात्र सगळ्यांची एकाच वेळी निघते. म्हणून नंबर. बारा वर्षं हे नंबर रामकिशनकाका लावत, कुकरशेजारच्या लिंबाखाली खाटेवर बसून. सोमेश्वरनं गटाच्या बैठकीत चित्रं दाखवून पटवलं की आता सकाळी सहाला ॲप उघडेल, घरबसल्या नंबर लागेल. अध्यक्ष रणजीतरावांना 'घरबसल्या' हा शब्द फार आवडला, कारण ते स्वतः उठून कुठं जात नसत. अट एकच घातली: बिघडलं की नंबर परत रामकिशनकडं.

पहिल्याच आठवड्यात वैजनाथनं एकट्यानं अकरा नंबर लावले. स्वतःच्या, आजोबांच्या आणि एका बैलाच्या नावानं. मोबाईल नंबरावर बंधन घालून उपयोग नव्हता, वैजनाथच्या घरात माणसांपेक्षा सिमकार्डं जास्त. तेव्हा सोमेश्वरनं नियम टाकला: इंटरनेटच्या ज्या पत्त्यावरून मागणी येईल, त्या पत्त्याला दिवसाला एकच नंबर. बैल गप्प बसला.

पण सहाच्या ठोक्याला शे-दीडशे फोन एकदम आदळायचे आणि ॲप जागीच बसायचं. शिवाय ॲप उघडायला त्याच्या वेबपत्त्यामागं चार आकडे टाकावे लागत, ते निम्मे लोक गाळत. टाकलेच, तर फोन लाल अक्षरांत 'सुरक्षित नाही' म्हणून दाखवी. सोमेश्वरची चुलती शकुबाई हे वाचून दोन दिवस लेकरांना कुकरजवळ जाऊ देईना.

"रिव्हर्स प्रॉक्सी बसवावी लागंल," सोमेश्वर जेवताना म्हणाला.

"कॉलेजात काय कमी मारल्या का प्रॉक्सी?" पुनम म्हणाली.

"अगं, तसं न्हाई. आत ॲप हाय, त्याच्या दारात एक माणूस बसवायचा. येणारा त्यालाच भेटणार. गर्दी तोच आवरणार, कुलूप त्याच्याच दाराला. एकेकाचं म्हणणं तो आत जाऊन सांगणार अन् उत्तर बाहेर आणून देणार. आतल्याला बाहेरची गर्दी दिसतच न्हाई."

"म्हणजे साहेबाच्या हापिसातला शिपाई."

"व्हय, तसंच."

"मग काम होत नसतं," पुनम म्हणाली आणि भाकरी उलटली.

शनिवारी दिवसभर बसून सोमेश्वरनं तो शिपाई बसवला. चार आकडे गेले, लाल अक्षरं गेली, पत्त्याशेजारी इवलंसं कुलूप आलं. स्वतःच्या फोनवर त्यानं ते पान वीसेक वेळा उघडून पाहिलं. नुसतं उघडून. नंबर लावून पाहायचं काही सुचलं नाही. नवीन दाराची हौस असलेला माणूस दारातून आत-बाहेर करतो, स्वयंपाकघरात चूल पेटते का ते पाहत नाही.

रविवारी सहाला ॲप उघडलं आणि, आश्चर्य म्हणजे, बसलं नाही. पहिला नंबर शकुबाईचा लागला. दुसरा कुणाचाच लागला नाही. बाकी सगळ्या गावाच्या फोनवर एकच ओळ आली: 'तुमचा आजचा नंबर लागला आहे. उद्या प्रयत्न करा.'

साडेसहाला अंगणात माणसं.

"काहून रे सोमेश्वर, गावात हळद काय तुझ्या काकूचीच निघून राहिली का?" वैजनाथ सगळ्यात पुढं.

"तांत्रिक अडचण हाय, भाऊ."

"अडचण बराबर तुझ्याच घरात कशी थांबली?"

"म्या तर नुसतं बोट लावलं," शकुबाई मागून म्हणाली. त्यामुळं प्रकरण आणखीच घरचं झालं.

रणजीतरावांचा फोन आला. संध्याकाळपर्यंत वाट पाहू, मग रामकिशन. पुनम आरोहीचे पुण्यातल्या शाळेचे कागद काढून बसली. भांडली असती तर बरं, असं सोमेश्वरला वाटलं.

दुपारपर्यंत त्यानं प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ तीनदा वाचली. ॲप बरोबर होतं. प्रॉक्सी बरोबर होती. दोघंही निर्दोष आणि गाव उपाशी. शेवटी तो लिंबाखाली गेला. रामकिशनकाका खाटेवर तंबाखू मळत होते. बारा वर्षांची सवय, काम गेलं तरी खाट गेली नव्हती.

"आत काय बिघडलंय ते कळून राहिलं न्हाई, काका. नंबर मागणारा प्रत्येक जण एकच माणूस हाय असं ॲप म्हणतंय."

"मग असंल एकच."

"न्हाई हो. मधी एक ठेवलाय, तो सगळ्यांचं आणून देतो."

काकांनी तंबाखू दाढेखाली सरकवली. "माझ्याकडं आशाबाईचा गडी यायचा. एकटाच, पण पाच घरांचे नंबर घिऊन. मी त्या गड्याचं नाव कशाला लिहीन? पैलं इचारायचं, कोणाकडून आलास. तुझा मधला सांगतो का, कोणाकडून आलोय ते?"

सोमेश्वर उठून पळत सुटला. मधला सांगत नव्हता. शे-दीडशे घरांच्या मागण्या तो स्वतःच्याच नावानं आत नेत होता, आणि ॲप नियमानं त्याला दिवसाचा एक नंबर देऊन हाकलत होतं. प्रॉक्सीत एक ओळ टाकायची होती, की मूळ मागणाऱ्याचा पत्ता आत कळव. ॲपमध्ये दुसरी, की हा मधला सांगेल तो पत्ता खरा धर. वीस मिनिटांचं काम. यावेळी त्यानं पाच घरांतून पाच नंबर लावून पाहिले. पाचही लागले. रणजीतरावांनी आणखी एक दिवस दिला.

सोमवारी सहाला एक नंबर लागला. मग नाही. पुन्हा तीच ओळ.

सोमेश्वरनं ॲपच्या नोंदी उघडल्या. मधला आता इमानदारीनं सांगत होता: चाळीस मागण्या, सगळ्या एकाच पत्त्यावरून. वैजनाथ! सोमेश्वर तडक त्याच्या घराकडं निघाला. वाटेत लिंबाखाली रांग दिसली. रांगेच्या तोंडाशी खाट, खाटेवर रामकिशनकाका, हातात स्वतःचा फोन. वैजनाथ रांगेत नववा.

"काका, हे काय करून राहिलात?"

"तुझं ॲप चालवून राहिलो. नाव सांगतेत, मी टाकतो. पण पैल्यानंतर घेतच न्हाई बघ, लय तकलीफ देतं."

"अहो, ज्याचं त्यानं आपापल्या घरून टाकायचं!"

"घरून टाकलं तर कोण मधी घुसला ते दिसतं का?" वैजनाथ म्हणाला. अकरा नंबरवाला वैजनाथ.

रांगेनं माना डोलावल्या. रणजीतराव चक्क उठून आले होते. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि निकाल दिला: ॲप ठेवायचं, रामकिशनही ठेवायचा, आणि रामकिशनच्या फोनला तो नियम लावायचा नाही. सोमेश्वरनं खाटेच्या कडेला बसून लॅपटॉप उघडला आणि एका माणसाला नियमातून वगळलं. तासाभरात चाळीस नंबर लागले. वैजनाथनं एकच लावला. मागं एकतीस जण उभे असताना बैलाचं नाव त्याला घेववलं नाही.

घरी पुनम वाट पाहत होती.

"राहिलं का ॲप?"

"राहिलं. पण वापरणारा एकच हाय, रामकिशनकाका. बाकी सगळे त्यांना सांगतेत."

"हे रणजीतरावांना ठाव हाय का?"

"सगळ्या गावाला ठाव हाय. मलाच आज कळलं."

पुनमनं शाळेचे कागद गोळा करून पिशवीत घातले आणि फोन हातात घेतला. "घरमालकाला सांगते, खोली दुसऱ्या कोणाला द्या म्हणून," ती म्हणाली. "काय कारण सांगू?"

सोमेश्वरनं बराच विचार केला. पुण्याच्या माणसाला पटेल असं एकही कारण त्याला सापडेना.