भुजंगची दोन पायऱ्यांची न्हाणी

"तुझ्या अंगाचं पानी माझ्या दारातून का वाहावं?" असं किशनराव ओरडला, तेव्हा मी आमच्या ओट्यावर तुरीची डाळ निवडत बसले होते. भांडण ऐकायला मी काही गेले नव्हते. आमची बोरी गावातली गल्लीच इतकी अरुंद, की समोर फोडणी पडली की ठसका आमच्याकडं लागतो.

समोर दोघं भाऊ राहायचे. थोरला किशनराव, धाकटा भुजंग. बापाच्या घराची वाटणी झाली अन् मधोमध भिंत आली. न्हाणी भुजंगच्या वाट्याला गेली, अन् न्हाणीचं पाणी जिकडं उतरायचं ते अंगण किशनरावच्या. पंचांनी खोल्या मोजल्या, खण मोजले, उतार कुणी बघितला नाही. त्या दिवशी किशनरावच्या बायकोनं, सरजाबाईनं, अंगणात जुन्या लुगड्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. इकडं भुजंगनं दोन तांबे जास्तीचे अंगावर घेतले असतील. साबणाचं पाणी भिंतीतल्या मोरीतून निघालं, ते थेट कुरडयांत.

"दादा, पानी उताराकडंच जानार. मी शिकवलंय व्हय त्याला?"

"मंग तू न्हाऊ नको!"

"बरं. आजपासून तुमच्या दारातून माझा एक थेंब जानार न्हाई. गेला तर माझं नाव बदला."

नाव बदलायची वेळ आली नाही. दिवस मावळायच्या आत भुजंगनं मोरी बुजवली. दगड ठोकला, वर सिमेंट थापलं, हातानं गुळगुळीत केलं. माझ्या नातवाचं जावळ त्या साली काढलं होतं. आता त्याला मिशा आहेत.

मोरी बुजली, पण अंघोळी कुठं बुजतात? भुजंगनं न्हाणीच्या कोपऱ्यात खड्डा करून अर्धा कापलेला ड्रम पुरला. न्हायचं, पाणी ड्रमात साचवायचं, मग बादलीनं उपसून अंगण ओलांडून उकिरड्यावर नेऊन ओतायचं. भुजंग सकाळीच शेतात जायचा, तेव्हा बादल्या वाहायचं काम कोणाचं हे सांगायला नको. त्याची बायको कमलबाई मला म्हणायची, "अक्का, लोक अंगोळ करून घाम घालवतेत, आमच्यात अंगोळ केल्यावर घाम येतो." हसायची अन् दुसरी बादली उचलायची.

भुजंग माणूस वाईट नाही. दारू नाही, पत्ते नाही. बायकोवर कधी हात उचलला नाही. पण एकदा तोंडातून शब्द गेला की त्याला तो शब्द शेतातल्या बांधासारखा वाटतो. स्वतःचाच बांध, स्वतःलाच ओलांडता येत नाही. किशनराव वारला तेव्हा भुजंगनं खांदा दिला, दहाव्याला डोकं भादरून घेतलं, सगळं केलं. पण त्या घरात पाण्याचा पेला तोंडाला लावला नाही.

अन् यंदा संक्रांतीच्या आगंमागं कमलबाई बादलीसकट पडली. अंगण ओलं होतं, वयही झालेलं. खुबा मोडला. परभणीला ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, आता खाली बसायचं नाही, पायरी चढायची नाही, पाय घसरला तर पुन्हा उभं राहायचं विसरा. पोरगी राजेश्री पूर्णेला असते, जावई रेल्वेत आहे. तिनं आईला आपल्या क्वार्टरमध्ये नेलं. तिथली न्हाणी घरातच, जमिनीला सपाट. वॉकर धरून आत जाता येतं.

भुजंग दर बुधवारी पूर्णेला जायचा. परभणीपर्यंत एसटी, पुढं रेल्वे. पिशवीत ज्वारीचं पीठ, कारळाची चटणी, असलं तर शेतातलं काहीबाही. दर बुधवारी कमलबाई एकच विचारायची, "मला कवा न्यायलाव? जावयाच्या दारी पाव्हनी म्हनून ऱ्हावं, बिऱ्हाड म्हनून न्हाई."

"न्हानी नीट करतो अन् नेतो," भुजंग म्हणायचा.

संडासाचं अडलं नव्हतं. गल्लीकडच्या संडासात भोकाची खुर्ची बसत होती. अडलं होतं ते न्हाणीवरच. भुजंगनं गवंडी बोलावला. गवंडी न्हाणीत उभा राहिला, बुजवलेल्या मोरीवर थाप मारली अन् म्हणाला, "काका, सोपं काम हाय. ही फोडायची, सरजाबाईच्या अंगनातून पाईप टाकायचा, मागच्या शोषखड्ड्यात सोडायचा."

"तिकडून न्हाई काढायचं."

"मंग कुठून काढता? उतार तर तिकडं हाय."

"उतार मी करतो. तू जा."

असा गवंडी गेला अन् सत्तरीला टेकलेला भुजंग स्वतः थापी घेऊन बसला. त्याचा हिशेब शेतकऱ्याचा. शेतात पाणी वळवायचं तर काय करतात, एका अंगाला उंच करतात. तर न्हाणी उंच करायची अन् पाणी उलटं, गल्लीच्या नालीकडं घ्यायचं. आता आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, काही सालांनी त्याच्याच बोकांडी दुसरा झाला. रस्ता वर गेला, नाली वर गेली, घरं तेवढी खाली राहिली. त्या नालीत पाणी पडायचं म्हणजे न्हाणी किती उचलावी लागंल, हे भुजंगनं पाण्याची नळी धरून पातळी काढून बघितलं असणार. पण तो मागं हटला नाही.

जुन्या शहाबादी फरश्या पहारीनं उचकटल्या. डोक्यावर पाट्या घेऊन मुरूम आणला, ओतला, धुमसला, पुन्हा ओतला. दिवसभर धपधप चालायची. दुपारी मी चहा घेऊन जायचे, तर हा मुरमाच्या ढिगावर पाय पसरून बसलेला, बोटं सिमेंटनं खाल्लेली, पाठ भिंतीला.

"भुजंगा, किती उचलायलास रे? पत्र्याला डोकं लागंल."

"लागू द्या. पानी जायला पाहिजे."

"तुला झोप तरी लागती का?"

"पडल्यावर लागती, अक्का. उठताना कळतं की लागली व्हती."

रंगपंचमी झाली, उन्हं कडक झाली, तेव्हा त्याची न्हाणी उभी राहिली. पांढरी फरशी, पितळी नळ, भिंतीला धरायला दांडी. त्यानं मला हाक मारली. मी ओटा उतरून गेले. त्यानं बादली ओतली. पाणी आढेवेढे न घेता पाईपात शिरलं अन् गल्लीच्या नालीत जाऊन पडलं. सरजाबाईच्या अंगणाकडं एक थेंब नाही. भुजंगच्या तोंडावर लय दिवसांनी हसू आलं.

"कशी झालीय?"

मी न्हाणी बघितली. मग न्हाणीच्या दाराखालच्या दोन पायऱ्या बघितल्या. चांगल्या गुडघाभर.

"झकास झालीय," मी म्हणाले. "पर तिला आत कशी घालनार? डोलीतून?"

तो पायऱ्यांकडं बघत राहिला, जसं काय त्या रात्रीतून कोणी आणून ठेवल्या होत्या. मग वरच्या पायरीवर बसला अन् बसूनच राहिला. पाणी वळवता वळवता ज्या माणसासाठी न्हाणी, ते माणूसच डोक्यातून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं विटा रचून पायऱ्यांवर उताराची वाट केली, अन् मला म्हणाला, "अक्का, तुमी चढून बघा."

"म्हंजी परीक्षेला मी?"

"तुमची काठी हाय ना."

अंगण एवढंसं, वाट लांब करायला जागा कुठली? घसरगुंडीच झाली ती. मी काठी टेकत अर्ध्यावर गेले अन् मागं सरकायला लागले. भुजंगनं दंडाला धरलं म्हणून वाचले.

"एक खुबा पुरला न्हाई का तुला? माझाबी मोडायचाय?"

विटा त्यानं गुमान उचलल्या.

मग कमलबाईचा फोन यायला लागला. भुजंगला कमी ऐकू येतं, फोनचा आवाज मोठा, त्यामुळं गल्लीला दोन्हीकडचं ऐकू जायचं.

"झाली का न्हानी?"

"झाली. सिमेंट वाळायलंय."

आठवडा गेला. "वाळलं का?"

"वाळायलंय अजून."

"कसलं सिमेंट म्हनावं हे! बोरीत ऊन पडंना का? इथं जावयाची आई यायलीय ऱ्हायला. मी काय पलंगाखाली झोपू?"

फोन ठेवून भुजंग माझ्या ओट्याशी आला. उभाच राहिला. "अक्का, सरजावहिनीला तुमी बोलून बघता का?"

"मी का? माझं पानी हाय व्हय?"

"तुमचं ऐकतेत त्या."

"तुझं ऐकतेत का न्हाई, ते तुला मालूम न्हाई. इचारलंयस का कधी?"

तो गेला. सरळ नाही गेला. आधी नालीपाशी थुंकला, मग बैलाचं रिकामं दावं उगाच गुंडाळून खुंटीला टांगलं, मग सरजाबाईच्या दारात जाऊन खाकरला. सरजाबाई अंगणात बाजेवर लसूण सोलत बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

"वहिनी," भुजंग म्हणाला, "पानी तुमच्याकडून काढावं म्हनतो."

"कुनाचं पानी?"

"तिच्या अंगोळीचं."

सरजाबाईनं लसणाचा एक आख्खा गड्डा सोलून सुपात टाकला. "तसं म्हना. इतकी सालं मला वाटलं, तुमच्या घरात न्हायची रीतच मोडली."

भुजंग उभा. मी डाळीचं सूप घेतलं होतं मांडीवर, पण खडा दिसत नव्हता.

"उघडं पानी न्हाई चालनार," सरजाबाई म्हणाली. "पाईप घाला, वरून बुजवा. अन् चर तुमीच खंदा, माझ्याकडं गडी न्हाई."

"खंदतो."

"अन् कमलला सांगा, तवा मी काय बोलले न्हवते. बोलले ते हे." असं म्हणून तिनं भिंतीवरच्या किशनरावच्या फोटोकडं बोट केलं. मेलेल्या माणसावर ढकललं की बरं असतं, तो उलटून बोलत नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी तिचाही आवाज काही बारीक नव्हता.

मग भुजंगनं स्वतःच्या हातानं बसवलेली पांढरी फरशी स्वतःच्या हातानं फोडली. आणलेला सगळा मुरूम पाट्या भरभरून बाहेर काढला. ते बघवत नव्हतं. चढवताना निदान त्याला ईर्षा होती. उतरवताना नुसती पाठ होती. दोन पाट्या झाल्या की बसायचा, धाप टाकायचा, पुन्हा उठायचा. बुजवलेली मोरी फोडायला तर पुरी सकाळ गेली. एवढं पक्कं बसवलं होतं बाबानं. सरजाबाईच्या अंगणात चर खोदताना ती बाजेवरून सांगायची, "इकडं न्हाई, तुळशीला धक्का लागंल. सरका तिकडं." पहिल्या दिवशी तिनं चहासुद्धा विचारला नाही. दुसऱ्या दिवशी आधी पाण्याचा तांब्या आणून चरीच्या काठावर ठेवला. भुजंगनं तांब्याकडं बघितलं, कपाळाचा घाम पुसला अन् वरून धार लावून प्याला.

जुन्याच शहाबादी फरश्या त्यानं पुन्हा टाकल्या, खडबडीत बाजू वर करून, अंगणाच्या बरोबरीला. उंबरासुद्धा ठेवला नाही. मी काठी टेकत आत गेले अन् बाहेर आले, तर हा विचारतो, "पास का?" मी म्हणाले, "पास." पण या वेळी तो हसला नाही. हसायला लागणारं बळसुद्धा त्या मुरमाबरोबर गेलं होतं. दाढी वाढलेली, सदरा खांद्यावरून उतरलेला. पाळण्यातल्या पोरासारखा दोन दिवस झोपून राहिला.

तिसरा दिवस बुधवार. उठला, दाढी केली, पिशवीत पीठ भरलं, चटणी ठेवली. मला म्हणाला, "जाऊन येतो," अन् एसटीला गेला.

पुढचं मला कमलबाईनं सांगितलं. हा पोचला, पायावर पाणी घेतलं, राजेश्रीनं दिलेला चहा बशीत ओतून प्याला. जावयाच्या आईला नमस्कार केला. कमलबाईनं विचारलं, "वाळलं का?"

"वाळलं."

त्यानं पीठ काढून दिलं, चटणी काढून दिली, पिशवी झटकली, घडी करून खिशात घातली. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"गाडीची येळ झाली," म्हणाला, अन् दाराशी उभं केलेलं तिचं वॉकर तिच्यापुढं आणून ठेवलं.