हिंगाच्या डबीतल्या माशा

सूर्यकांत पेंडसे हमरिया फ्री झोनमधल्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात तपासनीस. केसाएवढा ओरखडा दिसला की व्हॉल्व्ह रिजेक्ट. संध्याकाळी शारजातल्या घरी चहा झाला की तीच नजर जेवणाच्या टेबलावरच्या माशांवर फिरे. माशा खोट्या; इवल्याशा गळावर रेशमी दोरा आणि कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळून बांधलेल्या, ट्राउट माशाला फसवायला. ट्राउट राहतो डोंगरातल्या गार नदीत. पेंडशांनी तो फक्त मोबाइलवर पाहिलेला. तरी सहा वर्षं ते वाळवंटात बसून त्याच्यासाठी माशा बांधत होते.

"आता काय उंटाला गळ टाकणार?" त्यांची बायको मृणालिनी विचारायची.

"उंट रिजेक्ट," ते मान वर न करता सांगायचे.

त्यांना रोज कामावर नेणारा कारलिफ्टवाला हमदुल्ला पाकिस्तानातल्या स्वातचा. त्याच्या घराखालूनच ट्राउटची नदी वाहते, हे कळलं त्या दिवशी पेंडसे कारखान्यापाशी उतरायचंच विसरले. त्याला एक माशी दाखवली, तर तो म्हणाला, "भाईजान, मछली पकडनी है या दुल्हन सजानी है?"

पेंडशांना ते लागलं. त्या नदीवर स्वतः जाणं काही जमणारं नव्हतं. पण हमदुल्ला सुट्टीवर निघालाच होता. खऱ्या ट्राउटनं आपल्या माशीला एकदा तरी तोंड लावावं, एवढंच त्यांना हवं होतं.

माशा हिंगाच्या रिकाम्या डब्यांत असत: पांढऱ्या झाकणाखाली निवडक बारा, पिवळ्याखाली रिजेक्ट. दुसऱ्याच्या घरी कळकट डबी कशी पाठवायची, म्हणून मृणालिनीनं दोन्ही झाकणं घासली, पुसली आणि लावली. पांढऱ्या झाकणाची डबी, सोबत किलोभर चिवडा, हमदुल्लाच्या सामानात गेली.

रात्री पेंडशांनी उरलेली, पिवळ्या झाकणाची डबी उघडली. आत निवडक बाराजणी ओळीनं बसलेल्या.

"खलास," ते म्हणाले आणि जेवले नाहीत. पुढचे आठ दिवस त्यांनी कारखान्यात इतके व्हॉल्व्ह रिजेक्ट केले की मॅनेजरनं तब्येतीची चौकशी केली.

नवव्या दिवशी, बदली गाडी ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना व्हिडिओ आला. हमदुल्लाच्या ओल्या हातात ठिपक्यांचा, तडफडणारा ट्राउट. ओठात पेंडशांची माशी: शेपूट वाकडं, पीस विस्कटलेलं, पोटाला मृणालिनीच्या जुन्या साडीची उसवलेली जर. मागून आवाज, "चौथी है, भाईजान! और भेजो!"

पेंडशांनी व्हिडिओ शेजारच्याला दाखवला, मग मागच्या सीटवरच्या तिघांना, मग काच खाली करून बाजूच्या ट्रकवाल्याला. ट्रकवाल्यानं काही न समजता हॉर्न वाजवला. त्याचं ऐकून मागच्यांनी वाजवला. पेंडसे सगळ्यांना हात हलवत राहिले.

त्या संध्याकाळी ते तशीच माशी बांधायला बसले. पहिली झाली देखणी. दुसरी तिच्याहून देखणी. चौथ्या माशीनंतर त्यांनी हताश होऊन बायकोकडे पाहिलं.

"सरका," मृणालिनी म्हणाली. तिनं आयुष्यात कधी माशी बांधली नव्हती. दहा मिनिटांत तिनं एक गबाळी, तिरपी, केस पिंजारलेली माशी पुढ्यात ठेवली.

पेंडशांनी ती दिव्याखाली धरली, उलटसुलट फिरवून नीट तपासली.

"पास," ते म्हणाले.