आडवी बाटली

कापसाचा भाव पडलेल्या त्या वर्षांत दारव्ह्याहून यवतमाळला जाणाऱ्या जीपमध्ये एक बाई मला रोज भेटत. पंचायत समितीच्या सदस्य. दारूचं दुकान बंद करायला गावोगाव बायकांचं मतदान घडवून आणायच्या. मतपत्रिकेवर दुकान हवं तर उभी बाटली, नको तर आडवी.

एकदा पुढच्या ट्रकमधला कापूस खिडकीतून तरंगत आत येत होता. माझा डोळा लागला. जागा झालो, तर पायाशी ठेवलेली माझी पाण्याची बाटली त्या हळूच आडवी करत होत्या.

"ताई, पाणी आहे ते."

"मालूम हाय, भाऊ. हाताले सवयच लागली. गावची बाटली मतानं आडवी केली. घरची मात्र आमचे मालक वारल्यावरच आडवी झाली."

बूच सैल होतं. पाणी थेंबथेंब माझ्या चपलेत गळत राहिलं. यवतमाळ येईपर्यंत मी बाटली उभी केली नाही.