लाल राज्यातली धाकटी

माझी धाकटी बहीण टेक्सासला राहते. तिचे यजमान गेले, मुलगी तिकडे ऑस्ट्रेलियात. म्हणून ऑगस्टमध्ये ती माझ्याकडे लंडनला, पिनरला आली. व्हिजिटर म्हणून, सहा महिन्यांसाठी. मी मात्र मनात तिला कायमची धरून बसले होते. मागची खोली रंगवून घेतली, जाड पडदे लावले, तिला इथेच राहता यावं म्हणून मुलाला वकिलाकडे पिटाळलं. माझे गुडघे आणि हृदय, दोन्ही आता विमानाच्या कामाचे राहिलेले नाहीत. ती परत गेली तर ही आमची शेवटची भेट, हे मला ठाऊक होतं. तिलाही असणारच. पण त्याबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नाही. बोललो ते राजकारणावर. रडण्यापेक्षा ते सोपं असतं.

तिला अडवायला माझ्याकडे एकच हत्यार होतं. निवडणुकीच्या नकाशात तिचं राज्य लाल.

या लाल-निळ्याची माझी अक्कल किती, तेही सांगून टाकते. या देशात नवीन आले तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. कॉमनवेल्थवाल्यांना इथे लगेच मत देता येतं, म्हणून सासूबाईंनी विणलेला स्वेटर घालून, त्यावर साडी चापून मी केंद्रावर गेले. आत शिक्का शोधला, तर दोरीला बांधलेली पेन्सिल! कशीबशी फुली मारून बाहेर आले आणि टेबलामागच्या मडमेसमोर डाव्या हाताचं बोट धरून उभी राहिले. शाई लावा म्हणून. तिला वाटलं मला लागलंय. तिनं बिचारीनं बँडेज शोधायला पर्स उघडली.

बरं, पुढे वय वाढलं म्हणून शहाणपण आलं म्हणावं, तर तेही नाही. पन्नाशी उलटल्यावर एका सकाळी टीव्हीवर अमेरिकेच्या निवडणुकीचा नकाशा पाहिला. बहिणीचं राज्य लालेलाल. आमच्याकडे लाल म्हणजे कामगारांचा पक्ष, माझा पक्ष. तिकडे रंग नेमके उलटे, तिचा पक्ष निळा, हे कुणाला माहीत? मी उत्साहानं फोन लावला, "अभिनंदन गं! जिंकलात!" मग ती म्हणाली, "ताई, तू चहा घे आणि पुन्हा झोप."

तर अशी मी. आणि सप्टेंबरात मी तिला रोज राजकारण शिकवत होते.

"त्या लाल लोकांत एकटी काय करणार आहेस?"

"लाल लोक म्हणजे कोण गं ताई? मीही तिथलीच ना? मी लाल दिसते?"

"सगळं राज्य लाल आहे, मी नकाशात बघते ना."

"नकाशात बघतेस. कॅलिफोर्नियाला सगळे निळं म्हणतात, पण तिथे लाल मतं किती पडतात माहितीये? कित्येक लाल राज्यांची मिळून पडणार नाहीत तेवढी. आमच्याकडेही निळे ढिगानं आहेत. जिंकत नाहीत, एवढंच."

माझा मुलगा जन्मानं इथला. त्याचं मराठी गोड आणि तिरकं. तो मध्येच म्हणाला, "पण मावशी, तुमची स्टेटचा रिझल्ट तर ऑलरेडी माहीत आहे. मग व्होट करून पॉइंट काय?"

ती हसली. "तुझ्या आईला विचार. ती वर्षानुवर्षं पिनरमध्ये हरतेय. एकदा तरी घरी बसली का? परवा जुलैत तर तुमचा अख्खा देश लाल झाला आणि पिनर निळंच राहिलं. म्हणून मी म्हणाले का, ताई, त्या निळ्या लोकांतून आधी बाहेर पड?"

मी उठून कुकर लावला. तिघांपुरतंच खायचं असताना उगाच मोठा लावला.

ऑक्टोबरात तिकडून टपालानं तिची मतपत्रिका आली. मला वाटलं होतं, दोन नावं असतील, एकावर खूण केली की संपलं. पण तो कागद जेवणाच्या टेबलावर पसरला तर मीठ-मिरचीच्या बरण्या बाजूला कराव्या लागल्या. अध्यक्षाचा गोल तिनं काळ्या पेननं क्षणात भरला. सवयीनं, जसं आपण आत जाताना चपला काढतो तसं. आणि मग खाली उतरली. न्यायाधीश, शाळेचं मंडळ, शेरीफ म्हणजे तिथला पोलीसप्रमुख. तिथे तिचं पेन थांबायला लागलं.

"ही बाई पोरीला गणित शिकवायची. खडूस होती, पण शिकवायची. हिला." एक गोल भरला. "हा गृहस्थ वाचनालय शनिवारी बंद करू पाहतो. याला नाही." पुढचा भरला. मी चष्मा लावून वाकून पाहत होते. शेरीफच्या ओळीत तिनं जो गोल भरला त्याच्यापुढे तिकडच्या लाल पक्षाचं नाव!

"अगं! तू? लालला?"

"आमचे हे दारासमोर ड्राइव्हवेत पडले त्या दिवशी अँब्युलन्सच्या आधी हा स्वतः आला होता. जमिनीवर बसला यांच्याशेजारी. टोपी काढून. मी ओरडत होते, तर माझ्याशी हळूहळू बोलत राहिला." तिनं तो गोल पुन्हा एकदा गडद केला. "त्याला मत द्यायला मला कुठला रंग बघायचा नाही."

ती पुढच्या नावाकडे वळली आणि मी तिच्याकडे बघत बसले. एकेक नाव घेताना ती या खोलीत नव्हतीच. कुठल्या रस्त्यानं शाळा, कुठे वाचनालय, यजमान पडले ती जागा, सगळीकडे फिरून येत होती. माझ्या मागच्या खोलीत तिनं तीन महिन्यांत एक खिळासुद्धा ठोकायला सांगितला नव्हता. तो कागद अर्ध्यावर आला तेव्हाच मला कळलं, की ही जाणार.

कागद पाकिटात, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात. पोस्टात टाकायला आम्ही दोघी गेलो. उतारावर तिनं माझा हात धरला. मी म्हणाले, "पोस्टाच्या तिकिटाचे पैसे फुकट गेले तुझे." ती म्हणाली, "जाऊ दे. तुझा पक्ष हरल्यावर तुला कोण परतावा देतं?" आम्ही हसलो. मग मला खोकला आला, म्हणजे मी तो आणला.

नोव्हेंबरात सकाळी टीव्ही लावला. टेक्सास लाल. ती टोस्टला लोणी लावत होती, वर न बघता म्हणाली, "अभिनंदन नको करूस हं." इतक्या वर्षांनी! मी हसून हसून बेजार. पण नकाशावरून नजर हलेना. एवढा मोठा लाल तुकडा, आणि त्यात तिची ती एवढीशी मतं, निळं आणि लाल दोन्ही, कुठे दिसणार?

जानेवारीच्या शेवटी हीथ्रोला तिला सोडलं. तिची व्हीलचेअर ढकलणारा पोरगा घाईत होता. तिनं माझी शाल नीट केली, "गोळ्या वेळेवर घे," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "तूही." परतताना हाउन्सलोच्या सिग्नलला मुलगा म्हणाला, "आई, ती समरमध्ये परत येईल ना?" मी म्हटलं, "सिग्नल सुटलाय, बघ."

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. पोचली होती. विमानतळावर शेजारीण आली होती न्यायला. निवडणुकीत अंगणात लाल पक्षाची पाटी लावते ती.

"तिनं सकाळीच येऊन हीटिंग लावून ठेवलं होतं गं ताई. दार उघडलं तर घर गरम."

"बरं झालं," मी म्हणाले. "बरं झालं बाई."

फोन ठेवून मागच्या खोलीत गेले. पलंग तिनं जाताना आवरून ठेवला होता, उशीला उशी लावून. हीटर कालपासून तसाच चालू होता. कुणी नसताना ती खोली ऊन ऊन झाली होती. मी तिथेच पलंगाच्या कडेवर बसले. बंद करायला हात काही पुढे होईना.